पहिली मूठ कोणाच्या शेतात

संघटनेच्या कचेरीतून सांगणं आलं, आमच्या पुढाऱ्याचं जीवन आणि कार्य थोडक्यात लिहून द्या, पुस्तिकेत घालायचं आहे. पत्रकं लिहून माझा हात तयार झालेला. मी बसल्या बैठकीला लिहून काढलं. ‘शोषितांच्या अंधारात पेटलेली मशाल’ अशी सुरुवात, मध्ये ‘झंझावाती नेतृत्व’, शेवटी ‘इतिहास विसरणार नाही’. मोखाड्याच्या वाटेवर एका उंबराखाली बसून मी ते त्यालाच वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, तंबाखू मळली आणि विचारलं, “बरा माणूस होता. मेला कवा?”

ते कागद मी फाडले. आता जे पाहिलं तेच लिहिते. कचेरीला नको असेल तर त्यांनी मशालवाला मजकूर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावा, असे लिहिणारे ठाणे जिल्ह्यात कमी नाहीत.

मी त्याला अरे-तुरे करते त्यात अनादर नाही, हे आधीच सांगून टाकते. पाड्यावरच्या आदिवासी बोलीत अहो-जाहो नाहीच. मामलेदाराला ‘तू’, फौजदाराला ‘तू’ आणि गावदेवालाही ‘तू’. पहिल्या भेटीत मी त्याला ‘आपण’ म्हणाले, तर त्याने मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. तेव्हापासून तो मला ‘बाय’ म्हणतो आणि मी त्याला ‘दादा’ म्हणते, ‘तू’ म्हणते. जव्हारच्या आमच्या आळीत ह्याचा बोभाटा झाला. कारकुनाची मुलगी लंगोटीवाल्याला दादा म्हणते, ह्यापेक्षा ती त्याच्या शेजारी बसून भाकर खाते ह्याचा जास्त.

संस्थान विलीन झालं तेव्हा मी जव्हारला शाळेत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, राजाच्या कचेरीत कारकून. एका सकाळी ते त्याच खुर्चीत बसून मुंबई सरकारचे कारकून झाले. दौत तीच, टाक तोच, फक्त मुजरा कोणाला करायचा ह्याबद्दल काही दिवस गोंधळ होता. त्या गोंधळाच्या दिवसांतच हा आपल्या पाड्यावरची माणसं घेऊन अण्णांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

“राजा गेला कं?”

“गेला म्हणजे, राज्य गेलं,” अण्णा म्हणाले.

“मंग आमची वेठ आता कुणाची?”

वेठ म्हणजे बिनमजुरीचं सक्तीचं काम. साहेबाचं सामान वाहायचं, शेठच्या शेतात राबायचं, गवत कापायचं, लाकूड ओढायचं. नाही म्हटलं की चाबूक. अण्णांनी सांगितलं, वेठ कायद्याने बंद झाली. तो म्हणाला, “ह्या तू आमच्या पाड्यावर येऊन बोल. आमच्या शेठला ठावं नाय.”

अण्णांनी अंगावरचं झटकलं आणि त्याला नव्या अधिकाऱ्याकडे पाठवलं. हा अधिकारी देशावरून आलेला, तरुण, कायद्यावर विश्वास असलेला. तो लगेच निघाला. गाडीरस्ता संपला तिथे त्याची वळकटी, पेटी आणि स्टोव्ह खाली उतरवला गेला. साहेबाने सवयीने माणसांकडे पाहिलं. सगळी माणसं हात मागे बांधून उभी.

“साहेब, वेठ बंद हाय,” हा म्हणाला. “तूच बोललास.”

साहेब भला होता. त्याने वळकटी स्वतःच्या डोक्यावर घेतली, पट्टेवाल्याने पेटी आणि स्टोव्ह. दोन टेकड्या चढून पाड्यावर पोचल्यावर साहेबाने कायदा समजावून सांगितला. तो कोणी फारसा ऐकला नाही. सगळे वळकटीकडे बघत होते, आणि कायदा खरा आहे हे त्यांना तिच्यावरूनच पटलं. अण्णांनी ही हकीकत घरी कपाळाला हात लावून सांगितली. मी मात्र त्याच रात्री ठरवलं की शाळा संपली की ह्या माणसाकडे जायचं.

पुढे त्याने जंगलातल्या तोडीच्या मजुरीसाठी संप केले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, एकदा तर ठेकेदाराच्याच गाडीत बसून ठेकेदाराविरुद्ध साक्ष द्यायला गेला. ते पुस्तिकेत दुसरे लिहितील. मी फक्त मुठीचं लिहिणार आहे, कारण त्या वेळी मी तिथे होते आणि माझं डोकं सगळ्यात जास्त तेव्हाच फिरलं होतं.

पाड्यावरचा रिवाज असा. आवणी, म्हणजे भाताचं रोप उपटून खाचरात लावणं, ही मन मानेल तेव्हा सुरू होत नाही. आधी गावदेवाला नारळ, मग रोपाची पहिली मूठ एका ठरलेल्या घराण्यातला माणूस लावतो. ती लागल्याशिवाय गावात कोणी चिखलात हात घालत नाही. घातला तर पीक जातं असं सगळे मानतात. ज्या शेतात पहिली मूठ पडते ते शेत सगळ्या गावाने मिळून आधी पुरं करायचं. त्यानंतर कोणाचं शेत कोणत्या वारी लावायचं, ते मूठ पडलेल्या शेताचा धनी ठरवतो. मूठ लावायचा मान आमच्या ह्या पुढाऱ्याच्या घराण्याचा.

आता शेठच्या बापाची हुशारी बघा. त्याने जमीन घेतली, मग रिवाजही घेतला. मूठ माझ्याच शेतात पडली पाहिजे, असं त्याने चाबकाच्या जोरावर ठरवून टाकलं. झालं. दरवर्षी सगळा गाव आधी शेठची लांबच लांब खाचरं फुकट लावणार, आणि मग उरलेल्या पावसात आपलं. वेठ कायद्याने बंद झाल्यावर बापाच्या जागी बसलेला मुलगा काय म्हणाला? म्हणाला, “वेठ कुठे आहे? ही तर तुमची मूठ. तुमचा धर्म. मी कोण मोडणारा?” साहेबालाही त्याने हेच सांगितलं. कायद्यात मुठीचा उल्लेख नव्हता. साहेब वळकटी घेऊन परत गेला.

ह्यात सगळ्यात जास्त भरडली जात होती ती ओहोळाकाठची एक विधवा. नवरा जंगलात तोडीवर असताना झाडाखाली सापडून गेलेला, पदरात दोन मुली, आणि एकच खाचर, पण ओहोळाच्या वळणापर्यंत पसरलेलं. तोंडाने तिखट. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, “हिला कागद वाटायला लावलाय, नांगराला लावली असती तर काय तरी पिकला असता.” गेली दोन वर्षं तिचं रोप शेठच्या खाचरांची वाट बघत राबातच जून झालं होतं. राब म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेला तुकडा, त्यात रोप वाढवतात. रोप तिथे जास्त राहिलं की त्याला गाठ धरते. मग ते लावलं काय नि न लावलं काय. दोन्ही वर्षं तिच्या खाचरात नुसतं पळंज निघालं, दाण्याचं टरफल, आत हवा. नवऱ्याच्या कर्जावर बोट ठेवून शेठने तिला सांगून ठेवलं होतं, तिसऱ्या वर्षी पिकलं नाही तर खाचर सोड, मी बघतो त्याचं काय करायचं ते. ती म्हणायची, “यंदा वेळंवर नाय लागला तर पोरींना घेऊन घाटावर जाईन. तठं कुणाच्या दारात राहीन.”

मी मोर्चाचा बेत आणला. घोषणा तयार होत्या, फलक तयार होते. दादाच्या झोपडीत चुलीपाशी बसून मी सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, “मूठ माझी हाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी लावीन तठं.”

माझा संताप झाला. मी म्हणाले, “दादा, हे थोतांड आहे. मुठीने पीक येतं का?”

“नसंल येत.”

“मग त्याच थोतांडाचा आधार आपण घ्यायचा? शेठ घेतो तसाच?”

“त्यानं इतकी सालं घेतला, तवा तू काय पत्रक काढला नाय.”

“काढलंय,” मी म्हणाले. आणि खरंच काढलं होतं. ‘देव, भगत आणि पिळवणूक’. दोन पानी, नाशकाला छापून घेतलेलं. त्यात मी त्याच पाड्याचं उदाहरण देऊन ठणकावून लिहिलं होतं की पहिल्या मुठीने पीक येत नाही, पीक घामाने येतं. सबब ही मूर्ख रूढी मोडून टाका.

“मला नाय दाखवलास,” तो म्हणाला.

“तुला वाचता येत नाही.”

“तुला येतं ना.”

मग मी वाचून दाखवलं. त्याची बायको भाकर भाजता भाजता ऐकत होती. ‘सबब’ म्हणजे काय ते तिने विचारलं. दादाने एवढंच विचारलं, “शेठला दिलास कं?”

“मोखाड्याच्या बाजारात सगळ्यांना वाटलं. त्यालाही मिळालं असेल.”

बाजारात वाचता येणारे तिघेच होते, शेठ, तलाठी आणि शाळामास्तर, हे मी बोलले नाही. “बरा केलास,” तो म्हणाला आणि हसला. का हसला ते मला तेव्हा कळलं नाही, आणि मला न कळलेलं हसणं मला आवडत नाही.

मुठीच्या दिवशी सकाळी सगळा गाव गावदेवापाशी जमला. डोक्यावर पानांची इरली, पायाखाली चिखल. शेठ काळी छत्री घेऊन आला, बरोबर कारभारी, नारळ, गुलाल. ह्या बाबतीत तो मोठा नेमाचा माणूस. देवापुढे वाकताना टोपी काढून कारभाऱ्याच्या हातात द्यायचा. नारळ फुटला. दादाने रोपाची मूठ डोक्याला लावली आणि ढोलामागून निघाला.

पुढे वाट फुटते. डावीकडे शेठची खाचरं, उजवीकडे ओहोळ. कारभारी डावीकडे पुढे होऊन वाट दाखवायला उभा होता. ढोल फाट्याशी थांबला आणि दादा उजवीकडे वळला. शेठला वाटलं, आडोशाला गेला असेल. तो सभ्यपणे दुसरीकडे तोंड करून, छत्री धरून उभा राहिला. कारभारीही उभा राहिला, आणि त्यांच्या पाठीमागून माणसं एकेक करून उजवीकडे सरकली. बरंच उभं राहिल्यावर ढोल ओहोळाच्या अंगाने वाजायला लागला. एवढ्या माणसांना एकदम आडोसा लागत नाही, हे शेठच्या ध्यानात आलं तेव्हा मूठ त्या बाईच्या खाचरात लागून गेली होती आणि सगळा गाव तिच्या बांधावरून चिखलात उतरला होता.

शेठ धावत आला. धावणं त्याच्या अंगवळणी नव्हतं.

“ही काय थट्टा?”

“मूठ पडली,” दादा म्हणाला. “मला काय ठावं, हात तठंच गेला.”

मग शेठने कोटाच्या आतल्या खिशातून माझं पत्रक काढलं. घडी घालून, नीट जपून ठेवलेलं.  बांधावर उभं राहून त्याने ते मोठ्याने वाचलं, अगदी माझ्याच तोऱ्यात. ‘पहिल्या मुठीने पीक येत नाही. ही मूर्ख रूढी मोडून टाका.’ वाचताना एकदा त्याची नजर गावदेवाकडे गेली, पण त्याने ती आवरली. “ऐकलंत? तुमचीच शिकलेली बाई सांगते. मूठबीठ सगळं खोटं. सोडा हे आणि चला माझ्या शेतात.”

माणसं माझ्याकडे बघायला लागली.  वाक्यं माझीच होती, आणि खरं सांगते, त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. आजही नाही.

दादा चिखलात उभा राहून मान हलवत होता. “शेठ, बाय शिकलेली हाय. मूठ खोटी हाय असा ती बोलते, तर खोटी असंल. तूही तसाच बोलतोस?”

“तसंच बोलतो.”

“सगळ्यांच्या म्होरं?”

“सगळ्यांच्या समोर. खोटी, खोटी, खोटी.”

“मंग मुठीपायी आमी इतकी सालं तुझा शेत आधी लावत होतो, ते कशापायी?”

शेठने पत्रक उलटून मागची बाजू पाहिली.

“मूठ खरी, तर ती आथं पडली,” दादा म्हणाला. “खोटी, तर तुझ्याकडं आधी येयाचं काय कारणच नाय. तू घरी जाऊन नीट ठरव. आमी तवर एवढा लावून घेतो.”

ती बाई वाकल्या वाकल्या म्हणाली, “शेठ, तो कागद दे इकडं, चूल पेटवायला होईल.” कोणीतरी खोकलं, आणि मग ते खोकणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. मी पत्रक-लेखिका म्हणून बांधावर उभी होते. एका आजीने मला हात धरून चिखलात ओढलं आणि हातात रोप दिलं.

दुपारी शेठ पोलीस घेऊन आला. त्या दिवसांत सभाबंदी होती. माणसं एकत्र जमवून भाषण करायला मनाई. पोलीस बिचारा पावसात भिजून आलेला. त्याने विचारलं, “इथे सभा चाललीय काय?” कोणी उत्तर दिलं नाही, कारण कोणी वर बघितलं नाही. आवणी करणारा माणूस कंबरेत वाकलेला असतो आणि मागे मागे सरकतो. त्यामुळे बांधावरच्या सरकारला फक्त पाठी आणि त्याखालचं सगळं दिसत होतं. दादा रांगेच्या मध्ये होता आणि वाकल्या वाकल्या बोलत होता.

“यंदा आधी आपला लावू.”

“लावू,” रांग म्हणाली.

“मंग शेठचा.”

“मंग शेठचा.”

“मजुरी घेऊन.”

“मजुरी घेऊन.”

“हे भाषण आहे,” शेठ म्हणाला. “लिहून घ्या.”

पोलिसाने विचारलं, “भाषण करणारा कोण?” शेठने बोट दाखवलं. पोलीस त्या बोटाच्या दिशेने बराच वेळ बघत राहिला. सगळ्या पाठी सारख्याच होत्या. शेवटी तो म्हणाला, “शेठजी, आवणीला मनाई केल्याचा हुकूम माझ्याकडे नाही,” आणि झाडाखाली जाऊन बसला. जाताना त्या बाईच्या धाकट्या मुलीने त्याला एक इरलं दिलं. ते त्याने घेतलं.

शेठने मग शेवटचा उपाय केला. डोंगरापलीकडच्या पाड्यांवरून मजूर आणले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले, आणि त्यांच्यातल्या म्होरक्या म्हाताऱ्याने बांधावर पाय ठेवायच्या आधी विचारलं, “मूठ कठं पडली?” कारभारी म्हणाला, मूठ वगैरे काही नसतं, शेठनेच जाहीर केलंय. म्हाताऱ्याने कारभाऱ्याकडे असं पाहिलं की जणू हा माणूस पाऊस वगैरे काही नसतो म्हणतोय. मग त्याने दुसऱ्या कोणाला विचारलं. ओहोळाकाठी, असं कळलं. म्हातारा खाली बसला, त्याच्यामागे सगळे बसले. त्यांनी तंबाखू खाल्ली, शेठची लावणी न झालेली खाचरं पाहिली, चांगली आहेत म्हणाले. मग इतकी वाट तुडवून आलो आहोत तर हात तरी लावून जाऊ, असं म्हणून सगळे ओहोळाकडे गेले आणि त्या बाईच्या खाचराला लागले. आणले शेठने, राबले तिच्याकडे. मी इतकं हसले की माझी रांग वाकडी गेली. ती बाई म्हणाली, “सरळ लाव गं. हा मोर्चा नाय.”

तिचं खाचर पुरं व्हायला थोडंच उरलं होतं तेव्हा शेठ पुन्हा आला. या वेळी एकटा. त्याच्या राबातलं रोप टोकाला पिवळं पडायला लागलं होतं. छत्री होती, पण जोडे हातात घेतले होते, कारण ओल्या बांधावर अनवाणीच चालता येतं. तो दादाला म्हणाला, “माझी पाळी कधी?”

दादाने वर न बघता सांगितलं, “मूठ हिच्या खाचरात हाय. वार ही ठरवील. हिला विचार.”

मला वाटलं, शेठ परत फिरेल. फिरला नाही. रोप पिवळं पडताना दिसलं की माणूस फिरत नाही. ती बाई त्याच्याकडे पाठ करून लावत लावत मागे येत होती. तो बांधावर थांबला. ती यायची थांबली नाही, पण घाईही केली नाही.

“उगा उभा का राहतोस, शेठ?” ती म्हणाली. “त्या जुड्या फेक जरा इकडं. रोप संपत आला.”

उपटलेल्या रोपाच्या जुड्या बांधावर रचलेल्या असतात. कोणीतरी त्या लावणाऱ्यांकडे टाकत राहावं लागतं. शेठने इकडे तिकडे पाहिलं. कारभारी नव्हता. त्याने जोडे खाली ठेवले, छत्री मिटली, एक जुडी उचलली आणि फेकली. ती जवळच पडली आणि चिखल त्याच्याच धोतरावर उडाला.

“मजुरी देशील?” तिने विचारलं.

“देईन.”

“मोठ्यानं बोल. ह्या सगळ्यांना लांबून ऐकू येत नाय.”

“देईन,” शेठ म्हणाला.

“आन ह्या खाचराचा नाव काढायचा नाय.”

त्याने आणखी एक जुडी फेकली. तिने हातातलं रोप लावलं, दुसरं घेतलं, तेही लावलं.

“नाही काढणार.”

“मंग ऐक. आधी ह्या सगळ्यांची खाचरां. मंग तुझी.”

“अगं, तोवर माझं रोप जून होईल.”

“माझा दोन सालं झाला,” ती म्हणाली. ती आता बांधापाशी पोचली होती. तिने कंबर सरळ केली, पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बघितलं आणि चिखलाने भरलेला हात जुड्यांच्या ढिगाकडे केला. “तू आथं उभा राहून टाकत राहा, लवकर होईल.”